दोन घंट्या म्हणजे चला

मी, सुकदेव झुलाल सुरवाडे, वय ७६ वर्षे, धंदा- सेवानिवृत्त एस.टी. वाहक, रा. पहूर, ता. जामनेर, ह.मु. मुलगा योगेंद्र याचे घरी, जळगाव. आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष बसून, हवालदार वृषालीताई यांनी विचारल्यावरून सांगतो की,

पत्नी द्रौपदाबाई वारल्यावर योगेंद्रने मला पहूरहून जळगावला आणले. पहूरचे घर आहे. किल्ली शेजारी बहीण बेबाबाईकडे आहे. योगेंद्रने आज अर्ज दिला आहे की, गाड्यांचे वायरिंग करणारा नूर महंमद याने मला गाडीत डांबून ठेवले व काच फोडून जखमी केले. नूरला बाहेरच्या बाकावर बसवले आहे. माझ्या जबाबावर त्याचे पुढचे ठरेल असे ताईंनी सांगितले, म्हणून आठवून सांगतो.

आज सकाळी योगेंद्र मला चार दिवसांसाठी पहूरला सोडणार होता. हे बऱ्याच रविवारांपासून ठरत होते. मी पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलो. अजिंठा रोडला लागल्यावर गाडीचे समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, काटा खाली पडला, हॉर्न मुका झाला. नूरचे दुकान जवळच होते. गाडी तिथे लावून योगेंद्र म्हणाला, "नाना, उतरू नका. मी आलोच." आणि ओळखीच्या माणसाच्या मोटारसायकलवर बसून गेला. पहूरचे काय, असे मी विचारले. ते त्याला ऐकू गेले नसावे.

नूरचे वडील पीर महंमद हे ड्रायव्हर होते. पहूर-पाचोरा गाडीवर मी त्यांच्या मागे बरीच वर्षे घंटी ओढली. नूरने गाडीतला दोष दाखवणारे मशीन जोडले व बराच वेळ बघत राहिला. मी विचारल्यावर म्हणाला, "नाना, गाडीमा हाऊ एक डबा इंजिनचा, हाऊ ब्रेकचा, हाऊ दारंसचा. बठ्ठा एकाच वायरवर बोलतस. आते एक जन मधमा कोकली ऱ्हायना, म्हनीसन कोनलेच काय ऐकू येस नही."

म्हणजे एक डबा मध्येच ओरडत असल्याने बाकीच्यांना एकमेकांचे ऐकू येत नव्हते. ती वायर वेणीसारखी पिळलेली दुपदरी असते. त्याने मीटर लावून ती तुटलेली नाही याची खात्री केली. मग बॉनेट उघडून एकेका डब्याचा फ्यूज काढू लागला, कोण गप्प झाले की बाकीचे बोलतात ते बघायला. पहूरच्या शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत बसत. दोन कविता एका वेळी चालत, आणि कोणीतरी तिसरीच म्हणे. गुरुजी एकेक बाक गप्प करत जात. शेवटी जी कविता उरे ती कौलांपर्यंत चढे. ती मला अजून पाठ आहे. ("नाना, कविता नको, गाडीचं सांगा," असे ताई म्हणाल्याने म्हटलेली कविता जबाबात घेतलेली नाही.)

धूळ नको म्हणून नूरने दारे व काचा बंद केल्या होत्या. किल्ली आत होती. दारांच्या डब्याचा फ्यूज निघताच समोरचे दिवे विझले. दोष सापडला. पण त्याच वेळी कुलपे खाड्कन बसली व चोरीचा इशारा देणारा भोंगा सुरू झाला. त्याने फ्यूज परत घातला तरी कुलपे उघडली नाहीत. मी आतून दाराची दांडी ओढली. मागची दारे आतून उघडू नयेत म्हणून लहान मुलांसाठी खटका असतो, तो लावलेला होता. आमच्या घरी लहान मूल नाही. गुडघ्यांमुळे मला पुढच्या सीटवर जाता आले नाही.

विचारल्यावरून सांगतो की, मी ओरडलो नाही. दार बाहेरूनच उघडते अशी सवय झाली आहे. योगेंद्र व सूनबाई कामावर जाताना घराला बाहेरून कुलूप लावतात. मी एकदा न सांगता बसस्टँडवर जाऊन बसलो होतो, तेव्हापासून. काळजीपोटी लावतो असे तो म्हणतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आत तापू लागले. शर्ट भिजला. समोरचे धूसर दिसू लागले. नूर काचेपाशी येऊन बोलत होता, पण भोंग्यात मला त्याचे तोंड हललेले तेवढे दिसले. त्याने हातोडी दाखवली व थांबला. मी काचेवर बोटाने दोनदा वाजवले. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. नूर लहानपणी वडिलांच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर बसून यायचा. त्याने मला पलीकडे सरकायची खूण केली व काच फोडली. बाहेर येताना माझा तळहात कापला. त्याने स्वतःचा रुमाल बांधला.

तेवढ्यात योगेंद्र आला. "म्हाताऱ्या माणसाला कोंडतो का रे?" असे तो म्हणाला. नूर म्हणाला, "भाऊ, नानांनी घंटी दिली, तवा फोडली." योगेंद्र म्हणाला, "कसली घंटी? गाडीला घंटी असते का?"

तरी नूर महंमदने मला डांबून ठेवलेले नाही. काच माझ्या सांगण्यावरून फोडली. ताईंनी विचारले, "मग डांबून कोणी ठेवलं, नाना?" मी पाणी मागितले. पाणी दिले.

योगेंद्र मला न्यायला रिक्षा घेऊन फाटकाशी थांबला आहे. पिशवी माझ्याजवळच आहे.

ताईंनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. फक्त वर हल्ली मुक्काम जळगाव असे लिहिले गेले आहे, ते खोडून नुसते राहणार पहूर ठेवावे असे मी म्हणालो. "खोडू ना नक्की?" असे ताईंनी विचारले. पहूरची सहाची गाडी मिळेल, असे मी सांगितले. त्यांनी खोडले. एक सही खोडलेल्या जागी व एक खाली, अशा दोन केल्या.