चार नंबरचं पिस्तूल

गुलजार : नाय अंकल, चहा मागनं. आधी हे चार नंबर बघा. रिकामं आहे, मी दोनदा तपासलंय.

वॉल्टर : ठेव तिथं. मॅच संपली ना? सगळी पिस्तुलं एकदमच साफ करू. आज गुरुवार आहे, दीडची क्लबची बस चुकली तर रुवीतल्या घरापर्यंत टॅक्सी करावी लागेल मला.

गुलजार : साफ करायला नाय आणलं. मागची खाच बघा, नेम धरायची.

वॉल्टर : मी कशाला? तुझंच पिस्तूल ना ते? परवा तो डच इंजिनियर या खिडकीशी येऊन मला विचारतो, 'गुलजारचं पिस्तूल मोकळं आहे का?' मी म्हटलं, आहे साहेब. गुलजारनंच बनवलंय ते, रत्नागिरीच्या कारखान्यात.

गुलजार : मी कुणाला सांगितलं नाय तसं म्हणायला.

वॉल्टर : म्हणू नका, असंही नाही सांगितलंस. एक्याण्णव साली मस्कतला येऊन मी या शूटिंग क्लबात लागलो तेव्हा ही चार लोखंडी पिस्तुलं खालच्या ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळून पडली होती. जुनी, फौजी, वीतभर लांब. एक खल्फान साहेब सोडले तर कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्यांना ती हलकी हवी, प्लास्टिकची, खिशात मावणारी. सेक्रेटरी म्हणाला, वॉल्टर, ही मोडीत काढू. मी म्हटलं, राहू द्या, पोटाला काही मागत नाहीत ती. दर शनिवारी तेलपाणी केलं. घरी बायको, फेलिशिया, म्हणायची, पोरीच्या केसांना कधी एवढं तेल लावलंत का?

गुलजार : माहीत आहे अंकल. चार वर्षं ऐकतोय.

वॉल्टर : मग अजून ऐक. आता तीच सगळ्यांना हवीत. जड आहे म्हणून झटका कमी बसतो, लांब आहे म्हणून नेम धरायला बरं, मूठ कशी भरल्यासारखी वाटते, असं मलाच येऊन सांगतात. काल शोध लागल्यासारखं. बँकवाले, डॉक्टर, त्या तीन मॅडम. दोन हजार चार साल उजाडलं तेव्हा कळलं यांना. दोन-दोन आठवड्यांचं बुकिंग झालंय. आणि त्यांना पकड शिकवायला कोण? गुलजार. बोर्डावरच्या फोटोत कोण? गुलजार. वॉल्टर आत, जाळीमागे, चिंध्या मोजतोय.

गुलजार : पकड तुम्हीच शिकवली मला. मी सांगतो लोकांना.

वॉल्टर : सांगतोस. हळू सांगतोस.

गुलजार : अंकल, आज सकाळी चार नंबर खल्फान साहेबांनी चालवलं.

वॉल्टर : कुणी?

गुलजार : खल्फान साहेबांनी.

वॉल्टर : ते कसं? साहेबांचं दोन नंबर आहे. मी आल्यापासून दर गुरुवारी दोन नंबर. मिलिटरीतून रिटायर झाले तेव्हापासून त्यांनी दुसऱ्याला हात लावलेला नाही.

गुलजार : दोन नंबर सोहारच्या पाहुण्यानं आधीच उचललं. चार पिस्तुलं आणि पंचवीस माणसं, काय करणार. साहेब नुसते उभे होते, त्यांना मागायचं जिवावर येतं. आमची स्टाफची मॅच सगळ्यात शेवटी. म्हटलं, माझ्या नावावर चार नंबर आहे ते त्यांना देऊ या, मला मागनं मिळालं तरी चालेल.

वॉल्टर : मला विचारायचं होतंस.

गुलजार : का विचारायचं? चार नंबरला काय झालं होतं?

वॉल्टर : काही नाही. विचारायची पद्धत असते. किती आले साहेबांचे?

गुलजार : शंभरात एक्केचाळीस.

वॉल्टर : शक्य नाही.

गुलजार : मी टार्गेट उतरवून आणलं. दहाच्या दहा गोळ्या डावीकडे, सहा इंच बाहेर. पण अंकल, सगळ्या एका मुठीत मावतील अशा. तुम्हीच शिकवलंय, डोळा गेला की गोळ्या विखुरतात. ह्या विखुरल्या नव्हत्या. म्हणून मी पिस्तूल घेऊन आत आलो. खाच एक मिलिमीटर डावीकडे आहे.

वॉल्टर : सरकली असेल. म्हातारं पिस्तूल ते. हल्ली दिवसाला दोनशे गोळ्या झाडतात त्यातून, सरकेल नाही तर काय.

गुलजार : मीपण आधी तेच म्हटलं. पण तुम्ही खाचेवरनं खाली स्लाइडवर एक पांढरी रेघ मारून ठेवता. खाच आपोआप हलली की रेघ तुटलेली दिसते, म्हणूनच मारता. इथं रेघ तुटलेली नाय. सरळ आहे. बाकी तिन्हींवरची पिवळी पडलीये, ही चकाकतेय. वायच नखानं खरवडून बघितली. फेलिशिया आंटीची नेलपॉलिश आहे.

वॉल्टर : बस खाली.

गुलजार : नाय बसत. दुसऱ्या कुणी खाच ठोकली असती तर ठोकून निघून गेला असता. ठोकल्यावर वर नीट रेघ मारून ठेवणारा माणूस अख्ख्या मस्कतात एकच आहे.

वॉल्टर : सवयीनं हात गेला. खाच हलवली की रेघ मारायची, तेरा वर्षं तेच करतोय. मारून झाल्यावर लक्षात आलं, आपण काय करतोय. वाळावी म्हणून फुंकर पण घातली मी.

गुलजार : माझ्यासाठी होतं ना हे?

वॉल्टर : तुझ्यासाठीच. काल संध्याकाळी तू नमाजाला गेलास तेव्हा केलं. स्टाफच्या मॅचला चार नंबर तुझ्या नावावर होतं. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर चुकू दे याला. लोक म्हणतील, पोरगा बोलतो गोड, पण खरा हात वॉल्टरचा. शनिवारी मी खाच परत जागेवर आणणार होतो.

गुलजार : एवढंच?

वॉल्टर : एवढंच कसं असेल? जळतो मी तुझ्यावर. ऐकायचं होतं ना? ऐक. तू काउंटरवर उभा राहिलास की लोकांचे चेहरे उजळतात, ते मला या जाळीतून दिसतं. साहेब दर ईदला बरका गावाहून हलव्याचा डबा आणायचे. सरळ आत यायचे, माझ्या हातात द्यायचे, मग आम्ही कॉफी घ्यायचो, दोघंच. या ईदला डबा तुझ्या हातात दिला. तू इमानदारीनं आत आणलास, अर्धा मला काढून दिलास. ते तर फारच झोंबलं. तू एकट्यानं खाल्ला असतास तर निदान तुला शिव्या देता आल्या असत्या.

गुलजार : मी काय साधू नाय, अंकल. 'गुलजारचं पिस्तूल' म्हटलेलं मला आवडायचं. त्या डच माणसाला मी एकदापण नाय म्हटलं की वॉल्टर अंकलचं म्हणा. घरी फोनवर बायकोला, मुनिबाला सांगितलं, इथं एका पिस्तुलाला माझं नाव पडलंय. तिला वाटलं कंपनीनं बक्षीस दिलं.

वॉल्टर : मग आता जा, सांग सेक्रेटरीला. मी काही नाही म्हणणार नाही.

गुलजार : आधी साहेबांचं ऐका. गेल्या महिन्यात डॉक्टरनं त्यांना मोतीबिंदूची सुरुवात सांगितलीये. तेव्हापासून मनात भीती होती. आज एक्केचाळीस बघितले, लॉकरची चावी काढून काउंटरवर ठेवली. मी म्हटलं, साहेब, पिस्तुलात काही असेल. तर म्हणतात, पिस्तूल वॉल्टरनं ठेवलेलं आहे, ते चुकणार नाय. चुकलो असेन तर मीच. खलास.

वॉल्टर : असं म्हणाले?

गुलजार : असं म्हणाले. बाहेर जाऊन गाडीत बसले आणि गाडी चालूच करेनात. स्टिअरिंगवर दोन्ही हात पुढे धरून बघत होते. थरथरतायत का, ते बघत असतील.

वॉल्टर : गेले का घरी? मी जातो. हो बाजूला.

गुलजार : नाय गेले, आत बैठकीच्या खोलीत आहेत, मजलिसमध्ये. मी सांगितलं त्यांना.

वॉल्टर : काय सांगितलंस?

गुलजार : की माझ्या हातनं पिस्तूल पडलं, खाच हलली, वॉल्टर अंकलना न विचारता मीच ठोकून बसवली. डोळे तुमचे ठीक आहेत म्हटलं, हे टार्गेट बघा, मुठीत मावतंय सगळं.

वॉल्टर : तू का घेतलंस अंगावर?

गुलजार : तुमच्यासाठी घेतलं असं समजू नका. मला राग आहे तुमचा. पण त्या माणसाला कसं सांगायचं, की ज्याच्या भरवशावर तुम्ही स्वतःलाच दोष देताय त्यानंच केलं? माझी जीभ नाय वळली. आणि रमजानात तुम्ही चार वर्षं त्या कपाटामागे बसून डबा खाल्लात, मला वास येऊ नये म्हणून. तेपण आठवलं मेलं नको तेव्हा.

वॉल्टर : साहेब काय म्हणाले मग?

गुलजार : चावी परत घेतली. हसले वायच. मग सेक्रेटरीला बोलावलं आणि सांगितलं, आजपासून चारही पिस्तुलांना वॉल्टरशिवाय कुणी हात लावायचा नाय. मी शनिवारपासून मागच्या बाजूला, टार्गेटं चिकटवायला.

वॉल्टर : वॉल्टरशिवाय कुणी नाही? असंच म्हणाले?

गुलजार : हो.

वॉल्टर : कुठल्या शब्दांत?

गुलजार : हिंदीत म्हणाले. 'वॉल्टर का हाथ, बस.'

वॉल्टर : परत सांग.

गुलजार : अंकल.

वॉल्टर : सांग रे एकदा.

गुलजार : 'वॉल्टर का हाथ, बस. दुसरा कोई नहीं.'

(वॉल्टर चार नंबर उचलतो, खाचेवरून अंगठा फिरवतो आणि पुन्हा खाली ठेवतो.)

वॉल्टर : तुझ्याशी काही बोलले?

गुलजार : नाय. मी कॉफी ओतायला गेलो तर कप बाजूला घेतला.

वॉल्टर : आणि तुझी इन्स्ट्रक्टरची जागा? सेक्रेटरीनं कबूल केली होती ना? तो पगार झाल्याशिवाय मुनिबाचा फॅमिली व्हिसा होत नाही म्हणालास.

गुलजार : पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला. लग्नानंतर तीन वर्षं राहिली एकटी, अजून एक राहील.

वॉल्टर : तिला सांगितलंस?

गुलजार : काय सांगू? अजून जेवलोपण नाय.

वॉल्टर : टोपी दे माझी. त्या खिळ्यावर आहे.

गुलजार : कुठे जाताय? अंकल, डोकं ठिकाणावर ठेवा. हत्यारात फेरफार केला म्हणजे नोकरी तर गेलीच, वर पोलिसांत कागद गेला तर? तुमच्या मेलिसाची बारावी आहे मार्चमध्ये. आता मिटलंय ना सगळं? साहेबांचं मन शांत आहे, तुमचं नाव मोठं झालंय. माझं काय, मी तरुण आहे, टार्गेटं चिकटवीन.

वॉल्टर : मेलिसाचं मला शिकवू नकोस.

गुलजार : शिकवत नाय, विनवणी करतोय. जे हवं होतं ते मिळालं तुम्हाला.

वॉल्टर : मिळालं. 'वॉल्टर का हाथ.' कुठला हात, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. दर गुरुवारी साहेब समोर बसून कॉफी पिणार, या हाताचं कौतुक करणार, आणि तू मागे उन्हात गोंदाचा डबा घेऊन उभा. मी जाळीतून तेही बघायचं?

गुलजार : नका बघू. दार लावून घ्या.

वॉल्टर : पिस्तुलाला तुझं नाव पडलं. साहेब तुझ्याकडे गेले. लोक तुझे झाले. आता मी केलेली वाईट गोष्टसुद्धा तूच घेतलीस, आणि तिच्यातही माझ्यापेक्षा चांगला दिसलास. ती तरी माझी राहू दे, गुलजार. ती मी केलीये.

गुलजार : काय सांगणार त्यांना?

वॉल्टर : आधी डोळ्यांचं. डोळे उत्तम आहेत, तुझ्या तोंडून ऐकलंय, आता माझ्याकडून ऐकू देत. मग खाचेचं. मग का केलं ते. ते सांगताना हिंदी पुरली तर बरं.

गुलजार : मी येतो बरोबर. एकटे नका जाऊ. मी सांगेन, पहिल्यापासून तुम्हीच शिकवलंत मला. साहेब ऐकतील माझं.

वॉल्टर : तेच ना. तुझं ऐकतील.

गुलजार : मग येऊ ना?

वॉल्टर : नको. मी बोलून झालो की ते तुला हाक मारतील, उठून तुला जवळ घेतील. तसाच माणूस आहे तो. मी बाहेर पडेपर्यंत तू इथंच थांब. ते मला अजून बघवणार नाही.