'वा' कोणत्या भाषेतला

मी, रविकांत गजानन मुळ्ये, वय १६, धंदा शिक्षण, इयत्ता अकरावी, राहणार अण्णा नगर, मद्रास. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझे वडील बँकेत असून जून १९८४ मध्ये त्यांची साताऱ्याहून येथे बदली झाली. मला तमिळ येत नाही. हवालदार शहाजीराव यांच्या घरी तंजावरची मराठी बोलतात, म्हणून हा जबाब ते लिहून घेत आहेत. ते मला सारखे तंबी म्हणतात. मी फार घाबरलो होतो. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ, हे आत्ता कळले.

आमच्या समोर राजगोपाल सर राहतात. त्यांची मुलगी विजयलक्ष्मी रोज संध्याकाळी व्हरांड्यात वीणा वाजवते. शाळेत माझ्याशी कोणी बोलत नाही आणि घरी बाबा फक्त मार्कांविषयी बोलतात, म्हणून मी गॅलरीत उभा राहून ऐकतो. सोमवारी ती फारच सुरेख वाजवत होती. मी "वा! वा!" म्हणालो. वीणा थांबली. मला वाटले, लाजली. म्हणून मंगळवारी आणखी मोठ्याने म्हणालो.

बुधवारी सकाळी दूधवाला सुब्बा आपल्या म्हशीला "वा, वा" म्हणाला आणि म्हैस आली. दोन दिवस मी काय म्हणत होतो, ते तेव्हा कळले.

आज राजगोपाल सरांनी तक्रार दिली की, मी त्यांच्या मुलीला भर रस्त्यात "ये, ये" म्हणून बोलावतो, आणि बोलावताना आदराने "वांग" म्हणण्याचीही मला रीत नाही. पुरावा म्हणून त्यांनी मुलीलाही ठाण्यात आणले आहे. तिला अजून कोणी काही विचारलेले नाही. बाबा म्हणतात, याला उद्याच साताऱ्याला काकांकडे धाडतो. मला जायचे नाही. वीणाही बंद पडली आहे, त्याचे मला जास्त वाईट वाटते.

हवालदार म्हणाले, "भिऊं नको तंबी, भाषेची चूक झाली म्हणून लिहितों." पण खरे असे की, बुधवारी संध्याकाळीही मी "वा" म्हणालो. एकदाच, हळू आवाजात. तो मी कोणत्या भाषेत म्हणालो, हे मला नक्की सांगता येत नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. वाचून होताच बाबा कपाळावर हात मारून "वा!" म्हणाले. तेव्हा बाहेर बाकावर बसलेली विजयलक्ष्मी उठून आत आली. हेही माझ्या सांगण्यावरूनच लिहिले आहे.