दिसता तर बरे!

नाही, पण तुम्हीच सांगा, बरं दिसणं हा काय गुन्हा आहे का? मी काय मुद्दाम दिसतो? जो येतो तो आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि मग तेच... "पण राकेशभाऊ, तुम्ही दिसता तर बरे!" शेजारचे म्हणतात, सिटीलिंक बसचा कंडक्टर म्हणतो, बायकोचा मामा तर अभिनंदन करायला आल्यासारखा हात हातात घेऊन म्हणतो, "जावईबापू, दिसता तर बरे!" अहो, दिसतो! दुखणं पाठीच्या कण्यात आहे, ते काय शर्टावर टाचून फिरू?

तुम्हाला सांगतो, आजाराचं नाव एवढं लांब आहे की ते म्हणेपर्यंत ऐकणारा चहा पिऊन जातो. सोप्या भाषेत कण्याचा संधिवात. मणक्यांना एकमेकांची इतकी माया लागते की ते हळूहळू चिकटतात, आणि मग सुटतच नाहीत. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, म्हणाले, "बघा, बांबूसारखा झालाय!" कौतुकाने म्हणाले हो! सकाळी उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग कॉटचा दांडा धरायचा, आणि मग... वर. पडलेलं कपाट उभं करावं तसं. विहारात वंदनेला वाकता येत नाही, मागून कुणी हाक मारली तर मान वळत नाही. लोक काय म्हणतात? "राकेश लई ताठ झालाय आजकाल!" झालोय ना! तेच तर सांगतोय!

हे आमच्याकडे बाबांपासून आहे. माझे वडील, सहादू. त्यांचा कणा वाकलेलाच जुळला. शेवटी शेवटी त्यांना समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, चपला दिसायच्या. चपलांवरून माणूस ओळखायचे! कोपऱ्यावरची पोरं विचारायची, "काका, काय हरवलं?" बाबा म्हणायचे, "काही नाही, बरंय." कुणी काहीही विचारो, "काही नाही, बरंय." आणि गेले तेव्हा... हसू नका... नाही, हसा, आम्हीही हसतो आता... गेले तेव्हा त्यांना सपाट झोपवता येईना! डोकं टेकवलं की पाय वर, पाय दाबले की डोकं वर. शेवटी मानेखाली दोन उशा घालून नेलं. निजल्या निजल्या स्वतःचीच अंत्ययात्रा बघत निघाल्यासारखे.

आता माझी आई, भिमाबाई. डोळ्यांत मोतीबिंदू. संध्याकाळी मी दारातून आत आलो की पदर सावरते आणि म्हणते, "आलात का?" आलात! मला! पोटच्या पोराला! पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, मी राकेश." तर म्हणाली, "चाल तर त्यांचीच." आता मी काही सांगत नाही. "आलो," म्हणतो.

बरं, नोकरी होती तोवर लपवलं. अंबडला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो. सगळ्यांच्या आधी पोचायचो, साहेब खूश! अहो, आखडलेलं अंग कुणी बघू नये म्हणून पोचायचो! एक दिवस मागून फोर्कलिफ्ट आली. हॉर्न वाजतोय, मला ऐकू येतंय, पण मान वळेना! मला वळायचं म्हणजे अख्खा माणूस वळवावा लागतो हो, ट्रकसारखा! कुणीतरी कॉलर धरून ओढलं म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "राकेश, दिसता तर बरे... पण रिस्क आहे." गेली नोकरी! म्हणजे बघा, कामाला ठेवायला मी फार आजारी, आणि दिव्यांग पेन्शन मागायला गेलो तर फार बरा. मधे कुठे उभा राहू मी? आणि उभं राहिलं की दुखतं ते वेगळंच!

शेवटी पायलने दिव्यांग सर्टिफिकेटचा अर्ज भरला. पायल म्हणजे आमची मुलगी, मोबाईलच्या दुकानात दिवसभर उभं राहून काम करते. अर्ज ऑनलाइन. फोटो हवा. फोटोवाला म्हणतो, "काका, मान जरा सरळ करा." अरे बाबा, ती सरळ झाली असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?

तपासणीच्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना, म्हणजे आमची बायको, न्हाणीच्या दारात आडवी उभी. "आज गरम पाणी नाही! व्यायाम नाही! गोळी तर अजिबात नाही!" म्हटलं, का गं? "गोळी घेतली की तुम्ही माणसासारखे चालता! मग कोण देईल सर्टिफिकेट? आज आहात तसे चला!" आहे तसा निघालो, दोघी बरोबर, फाइल पायलकडे. रिक्षात बसताना जे काही तोंडातून निघालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

दवाखान्याला मोठं काचेचं दार. मी रिक्षातून उतरून दाराकडे निघालो, आणि समोरून... बाबा येताना दिसले. शपथ! मान पुढे, एक हात कमरेवर, नजर खाली. मी थांबलो. तेही थांबले. सरसरून काटा आला अंगावर. तोंडावर आलं होतं, 'बाबा, तुम्ही इथे कसे?' तेवढ्यात वॉचमन ओरडला, "काका, ढकला! ते आपोआप उघडत नाही!"

ढकललं मी. बाबांनीही ढकललं.

आत डॉक्टरबाई. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू? चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "दिसता तर बरे. काय त्रास होतो?" आता हा प्रश्न! याच्यासाठी नोकरी गेल्यापासून वाट बघतोय, याच्यासाठी गोळी सोडून आलोय, रांगेत हाडं मोडून घेतलीत, आणि माझ्या तोंडून काय निघालं? "काही नाही, बरंय." आणि आवाज माझा नव्हता हो! बाबांचा! ज्योत्स्नाने असा चिमटा काढला की बाकी कुठे दुखतंय तेच विसरलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "खाली वाका." बोटं गुडघ्याशी अडली. "मान डावीकडे." मी डावीकडे वळलो. "मान म्हटलं मी. पाय नाही." मग लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

म्हटलं, "वडिलांना होतं. आता ते नाहीत. म्हणजे, आता कुणाला नाही."

आणि भिंतीला टेकून फाइल धरून उभी होती ना पायल... ती म्हणाली, "मला आहे."

ऐकताय ना? मला आहे! डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. "काय होतं?"

"सकाळी पाठ लाकडासारखी होते. दुकानात गेल्यावर सुटते."

"कधीपासून?"

"बारावीपासून."

"घरी सांगितलं नाहीस?"

पायल आमच्याकडे बघून म्हणाली, "सांगायचं काय? मला वाटलं, सगळे असेच उठतात."

सगळे असेच उठतात! बरोबरच आहे! आजोबा तसे उठायचे, बाप तसाच उठतो, दुसरं उठणं बघितलंय कुठे पोरीने? तिची आई पटकन उठते, पण ती पोरीच्या आधी उठते! ज्योत्स्ना तर बघतच राहिली, पोरीकडे, मग माझ्याकडे... जसं काही मीच तिच्या पाठीत काहीतरी ठेवून दिलंय.

मग मात्र मी बोललो. माझ्या तपासणीला आलेला मी, पोरीच्या तपासणीसाठी सगळं बोललो! बाबांच्या उशा सांगितल्या, कॉटचा दांडा सांगितला, लपवाछपवी सांगितली, थांबेचना तोंड. शिपाई दारातून "पुढचे चला, पुढचे चला" करतोय आणि डॉक्टरबाई म्हणतात, "थांब रे, ऐकू दे." मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. रक्त झालं, पाठीचे फोटो झाले. तिलाही तेच निघालं. पण लवकर सापडलं, म्हणाले, आता चांगली औषधं आहेत, हिची पाठ मोकळी ठेवता येईल.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने पायलच्या पाठीवरून हात फिरवला, खालपासून वर, एकेक मणका चाचपत. म्हणाली, "माणूस गेला, पण जाताना सगळं नेलं नाही त्यांनी."

आता पायलचं औषध सुरू आहे. सकाळी शेजारच्या खोलीत तिची कॉट करकरते आणि मी कान टवकारतो. पाय टेकल्याचा आवाज झटकन आला तर दिवस चांगला. उशीर झाला तर... मी छताकडे बघत पडून राहतो. दुसरीकडे बघताही येत नाही म्हणा!

आणि हो, माझं सर्टिफिकेट! आलं ना! टक्केही बसले पेन्शनपुरते. पण पायल वाचता वाचता थांबली. म्हणाली, "पप्पा, हे तात्पुरतं दिलंय. खाली लिहिलंय, प्रकृतीत सुधारणा होण्याची शक्यता, मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी."

सुधारणा! मणके सुटणार म्हणे! ज्योत्स्ना म्हणाली, "जाऊन भांडा." मी म्हटलं, अगं, कशाला भांडू? तुझी आशा सुटली, माझी सुटली, मोठमोठ्या डॉक्टरांची सुटली... अख्ख्या जगात एकच खातं उरलंय ज्याला मनापासून वाटतं की हा माणूस बरा होईल. बोलावतील तेव्हा जाईन. त्यांचं मन कशाला मोडायचं?