साहेबानं कॉफी घेतली नाही हो!

...अहो कसला शिकलेला, माझं कपाळ! हॉलंडहून आलाय आमचा योरिससाहेब, 'अरबांशी कसं वागावं' याचा कोर्स करून! उजव्या हातानं जेवायचं, पायाचा तळवा कुणाला दाखवायचा नाही, पहिल्या भेटीत कामाचं बोलायचं नाही... सगळं तोंडपाठ! आणि अरबी? फाडफाड! म्हणजे भाषांतराच्या निमित्तानं मध्ये पडून मी काही सावरावं, ती सोयसुद्धा नाही! कोर्स केलाय ना त्यानं!

तुम्हाला सांगतो, शेख मुफलेहकाकांच्या जमिनीतून कंपनीला पाण्याचा पाइप न्यायचाय. काका हो म्हणाले तर माझी नोकरी टिकणार, नाही तर पोरंबाळं घेऊन मी आमच्या माआन गावच्या रस्त्यावर! गेलो तंबूत. काकांनी स्वतः कॉफी ओतली. आणि ह्यानं काय करावं? पेला उचलला, हुंगला, अन् खाली ठेवला! पित्ताचा त्रास आहे म्हणे!

अहो, आमच्यात पाहुण्यानं कॉफी न पिता पेला खाली ठेवला म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय, आणि यजमानानं ते द्यायचंच! बापजाद्यांपासूनची रीत! ही एवढी मात्र त्याला शिकवलीच नाही कुणी.

काका म्हणाले, "बोला पाहुणे, काय हवं? दिलं समजा, अन् कॉफी घ्या."

दिलं समजा! म्हटलं, नायिफ, वाचलास लेका! साहेबाला कोपरानं ढोसतोय, "पाइप... पाइप म्हणा..." तर हा छातीवर हात ठेवून, "छे छे, काम कसलं शेखसाहेब? तुमचं प्रेम हवं फक्त!" अरे, प्रेमावर माझी चूल पेटणार आहे का?... पण कोर्स केलाय ना त्यानं!

काका हटूनच बसले. "असं कसं? मागितल्याशिवाय उठू देणार नाही. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे!" मी ढोसतोय, डोळे वटारतोय, घामानं निथळतोय! साहेबानं विचार केला, खूप केला, आणि लाजत लाजत म्हणाला, "मग... थोडं ताक मिळेल?"

"दिलं!"

ताक आलं. प्यायला. वर ती कॉफीही गटकली मेल्यानं! मी गयावया केली, "काका, तो पाइप..."

"मागणं झालं, नायिफ. आता जेवा."

साहेब खूश! कानात म्हणतो, "पाहिलंस? कामाचा शब्द काढला नाही मी!" हो रे बाबा, कोर्स केलायस ना...

काकांनी मला बाजूला घेतलं. "साहेब गुणी आहे हो तुझा. बाकी नोकरीचं काही बरंवाईट झालं तर सांग, मेंढ्या राखायला माणूस हवाय मला."

म्हटलं, "काका, जेवणं उरकली की लागतोच कामाला."