वहिनीची पाठवणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी बसून मला 'आवरतं घ्या' अशा खुणा आतापासूनच करणाऱ्या पाळकीणबाई, आपल्या सेवादौऱ्याचे म्होरके दातांचे डॉक्टर, महिला मंडळाच्या भगिनींनो, गायनवृंदातल्या गोड गळ्यांनो, मागच्या बाकांवर चुळबुळणाऱ्या बंधूंनो, आणि जिच्यासाठी हा सगळा थाट मांडलाय ती माझी वहिनी व तिचे कालच झालेले नवरोबा!

नवरोबा हसतायत बघा. अहो, त्यांना एक अक्षर कळलेलं नाही. पण सगळे हसले की हसायचं, हे त्यांना काल लग्नातच कुणीतरी शिकवून ठेवलंय. हुशार माणूस! यापेक्षा जास्त संसाराला लागतं काय?

मला पाळकसाहेबांनी सांगितलंय की दौऱ्याबद्दल चार शब्द बोला आणि सेवेवर भर द्या. सेवा तर झालीच. पण साहेब, एवढ्या लोकांसमोर मी खोटं कशी बोलू? लोक परदेशी सेवेला जातात आणि आशीर्वाद घेऊन येतात. आपण गेलो आणि जावई घेऊन आलो!

आता आपल्या चमूची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी शिडी लावलेली दिसली की चौकशी करत उभं राहायचं नाही, बाह्या सरसावायच्या. डॉक्टरांनीच ही शिस्त लावलीय. तर बसनं आम्हाला त्या गावात रस्त्याच्या टोकाला उतरवलं. यजमान मंडळीचं सभागृह रंगवायचं होतं. समोर एक लांबलचक इमारत, बाहेर चर्चचे नवेकोरे बाक रचलेले, पिवळ्या रंगाचे डबे मांडलेले, आणि भिंतीला शिडी लावून एक गृहस्थ उभे. आता तुम्हीच सांगा, आणखी काय पुरावा हवा? डॉक्टरांनी तिथल्या तिथे प्रार्थना केली, आम्ही 'आमेन' म्हटलं आणि ब्रश बुडवले.

ते गृहस्थ बिचारे शिडीशेजारी तोंड उघडं टाकून बघतायत. तेवढ्यात ही आमची वहिनी, हो हीच, आता मान खाली घालून बसलीय ती, त्यांच्या हातात ब्रश कोंबून चक्क मराठीत म्हणाली, "धरा हो भाऊ! नुसते उभे काय राहताय? ती कोपऱ्यातली बाजू घ्या!" आणि त्यांनी मुकाट्यानं घेतली की हो!

दोन भिंती झाल्या. आमचं चार सुरांतलं गाणं अगदी रंगात आलं होतं, तेव्हा कोपऱ्यावरून हातात फुलं घेतलेली माणसं धावत आली. ती होती आमची यजमान मंडळी. सकाळपासून मागच्या गल्लीत, खऱ्या सभागृहापाशी आमची वाट बघत ताटकळली होती. आम्ही रंगवत होतो तो सुताराचा कारखाना! बाक त्यानं चर्चसाठी बनवलेले, डबे यजमानांनी त्याच्याकडे सांभाळायला ठेवलेले, आणि शिडी लावली होती छपराची पन्हळ दुरुस्त करायला. म्हणजे वहिनीनं ज्याला कामचुकार समजून दटावलं, तो कारखान्याचा मालक होता.

डॉक्टरांचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं होतं. इतरांची तोंडं उघडायला लावणारा माणूस, पण स्वतःचं मिटेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे खऱ्या सभागृहावर, आणि वहिनी चिंध्या आणि पाण्याची बादली घेऊन कारखान्यावर. का, तर खिडक्यांच्या काचांवर रंगाचे शिंतोडे उडालेत, ते खरवडून माफी मागायची. तिला त्यांची भाषा येत नाही, त्यांना हिची येत नाही. पण वहिनी जन्माची शिवणकाम करणारी, गळ्यात सदा मोजपट्टी. आणि सुतारबुवांच्याही गळ्यात मोजपट्टी! दोघांनी एकमेकांच्या पट्ट्या बघितल्या आणि जे हसत सुटले म्हणता! त्यानंतर काचा रोज पुसल्या गेल्या. अहो, काचा किती, पुसायच्या किती! मी एकदा डोकावले तर शिंतोडे कधीच गेलेले होते आणि बाईसाहेब स्वच्छ काच पुसत होत्या. मी गुपचूप मागे फिरले.

परत आल्यावर दर रविवारी उपासना संपली की फोन यायचा. मध्ये दुभाषी म्हणून तिकडच्या पाळकीणबाई, त्यांचं इंग्रजी आणि वहिनीचं इंग्रजी मिळून एक भाषा होई. एका रविवारी स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि मी दाराआड. हो, ऐकत होते! माझ्याच घरात मी कुठंही उभी राहीन. सुतारबुवा एक टेबल दाखवत होते. कापड बेतायचं टेबल, कारखान्याच्या खिडकीपाशी, वहिनीच्या उंचीचं. "ते विचारतायत," पाळकीणबाई म्हणाल्या, "याच्यावर काम करायला याल का?"

वहिनीनं फोन बंद केला आणि धुतलेलीच भांडी परत घासायला घेतली.

मी बाहेर आले. "हो का म्हणाली नाहीस?"

"उगाच काहीतरी, वन्सं! या वयात?"

"वयाचं मी बघते. खरं कारण सांग."

"तुमच्या गुडघ्यांना तेल कोण चोळणार?"

"माझे गुडघे आहेत, माझे हात आहेत, आणि हात गुडघ्यापर्यंत पोचतात. खरं सांग!"

तिनं नळ बंद केला. म्हणाली, "तुमच्या भावाच्या घरातून मी दुसऱ्याच्या घरी जाऊ? त्यांना काय वाटेल?"

मंडळी, माझा दादा गेल्यापासून आम्ही दोघी एका घरात राहतोय. त्याला मी तिच्याही आधीपासून ओळखत होते. खोड्या काढणारा, हसरा माणूस. ही एकटी ताटातला घास चिवडत बसते, ते त्याला क्षणभर बघवलं नसतं. तेच मी तिला सांगितलं, आणि मग दोघी पोटभर रडलो.

आणि मग तिकडच्या पाळकीणबाईंना मध्ये घेऊन मीच फोन लावला! म्हटलं, आता मुलीकडची मी. विचारलं, दारू? नाही. राग? शनिवारी थोडा. घोरता का? त्यावर हे गृहस्थ म्हणाले, "कोण सांगणार? एकटाच राहतो." मी म्हटलं, "येतेय ती. ती सांगेल."

फोन परस्पर लावला म्हणून वहिनी दिवसभर फुगून बसली. संध्याकाळी पांढरं कापड घेऊन खोलीत आली आणि पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "वन्सं, जरा मागचं माप घ्या. माझा हात पुरत नाही." मी माप घेतलं. डोळे पुसता पुसता ते चुकलं, आणि काल झगा खांद्यात जरा ढगळ होता तो माझ्यामुळे.

पाळकीणबाई, संपवतेच. उद्या ही दोघं निघतील. या सोहळ्यासाठी राबलेल्या सगळ्यांची मी ऋणी आहे, आणि बोलण्याच्या भरात कुणाची जास्त थट्टा झाली असेल, विशेषतः डॉक्टरांची, तर पदरात घ्या. मला आज फार आनंद झालाय आणि तो मला आवरत नाही.

फक्त एक राहिलं. वहिनी, इकडे बघ. तुझे आईवडील गेले, भाऊ नाही, माहेर कधीच संपलं असं तू म्हणायचीस. तर हे चार लोकांसमोर ऐकून घे. ज्या घरात तू सून म्हणून आलीस ते आता तुझं माहेर. हे आमचे जावई. वर्षातून एकदा यायचं, हट्ट करायचा, उशिरा उठायचं, जाताना डबे भरून न्यायचे. आणि आजपासून मला वन्सं म्हणायचं नाही, अहो-जाहो करायचं नाही. बहिणीला मारतात तशी नावानं हाक मार. मार ना. आत्ताच मार, सगळ्यांना ऐकू दे.