पश्चिमेचा दगड

...आणि वर हे सोलचे लोक मला सांगणार, की आजोबा, तुमच्या दक्षिणेकडच्या हेनामला काय, पाणी गोठत नाही, गळ टाकला की मासा. अहो, वरच्या मुलखातली तळी गोठतात ते एका अर्थी बरं असतं. बर्फाला भोक पाडलं की जागा ठरली, भोक आहे तिथं बसायचं, विषय संपला. आमच्याकडं समुद्र हटवून भातशेती केली, तिच्या मधून हा एवढा लांब कालवा, पार नजर संपेपर्यंत उघडा, आणि त्यात बसायचं कुठं, ते सांगा ना कुणीतरी. थंडीत बुंगओ हलत नाही. एरवी वीतभर मासा, पण एकदा कोपऱ्यात अंग चोरून बसला की बसला, हातभर पलीकडं गांडूळ नाचवलं तरी ढुंकून बघत नाही. मी तसा कमी बोलणारा माणूस आहे, पण एवढं तुम्हाला सांगतो, पाणी उघडं असलं म्हणजे मासा असतोच असं नाही.

आता मला कशाला हवा होता मासा... तर मालसूनसाठी. मालसून म्हणजे आमची ही. पानगळीच्या दिवसांत तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाला, छान झालंय, आता फक्त खायला घाला. फक्त. मी भाताची पेज केली, दोन चमचे. रताळं भाजलं, एक घास. क्वांगजूहून मुलगी आली, तिनं कोंबडी शिजवली, हिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी आपला खालून तापवलेल्या जमिनीवर तिच्या अंथरुणाशेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत, आता उघडेल, मग उघडेल... आणि एक दिवस उघडलं. म्हणाली, "अहो, बुंगओ आणाल का? खाली मुळ्याचा वाळलेला पाला घालून, तिखट, घट्ट. तसं असेल तर खाईन."

खाईन म्हणाली! तुम्हाला सांगतो, लग्नाला सासऱ्यानं हो म्हटलं तेव्हासुद्धा मी एवढ्या घाईनं बूट घातले नव्हते.

पण जायचं कुठं? गांडूळवाली ओक्बुनबाई, तिच्या दुकानात शिरलो, मालसूनला बुंगओ हवाय, कुठं बसू, विचारलं. ती म्हणते, "कुठंही बसा दोकमानभाऊ, सगळीकडं लागतायत, आणखी एक डबी देऊ का?" तिला काय, तिची गांडुळं खपली पाहिजेत. तेवढ्यात मागून आवाज आला, "पूर्वेला जा. पंपघराच्या मागं. पाणकणसं वाळून आडवी पडलीत ना, तिथं."

वळून बघतो तर दुसप.

आता हा दुसप कोण, ते सांगायला हवं. माझा मित्र. लहानपणापासूनचा. आणि त्या लहानपणापासून त्यानं मला मासा लागण्याची एकही जागा खरी सांगितलेली नाही. तो पूर्व म्हणाला की मासा पश्चिमेला. तळं म्हणाला की नदीला. एकदा म्हणाला, आज कुठंच काही नाही रे, घरी जाऊन झोप, आणि त्या दिवशी गडी बादली दोन हातांनी उचलून नेत होता. राग नाही माझा. मीही त्याला कधी खरं सांगितलं नाही. गळ टाकणाऱ्या माणसाचं हे असंच असतं, बायकोचं वय सांगेल, जागा नाही सांगणार. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही सगळे डुकराचं मुंडकं मांडून पाण्याला नमस्कार करतो, भरपूर मासा दे म्हणतो, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात म्हणतो, यांना नको, मला दे.

तेव्हा तो पूर्व म्हणाला, मी मान हलवली, आणि सरळ पश्चिमेला गेलो.

पश्चिमेला कालव्याचं पाणी समुद्रात सोडायच्या झडपा आहेत. तिथं एक दगड आहे. बसायला सपाट, छान. त्या दगडावर मी बसलो. काय सांगू तुम्हाला तो वारा... समुद्रावरून जो निघतो तो मध्ये कुठं चहा प्यायलाही थांबत नाही, थेट माझ्या कानात. समोर पाणी काचेसारखं नितळ. तेव्हाच उमगायला हवं होतं, थंडीतलं नितळ पाणी म्हणजे रिकामं घर, बुंगओला जरा गढूळ, ऊबदार लागतं. पण दुसप पूर्व म्हणाला होता ना. म्हणजे पश्चिमच. गळाची तरंगणारी काडी पाण्यात उभी ती उभीच, देवळातल्या उदबत्तीसारखी. उदबत्ती निदान जळून कमी तरी होते.

संध्याकाळी बसथांब्यावर दुसप भेटला. म्हणाला, "काय रे, लागले का?"

आता मी काय म्हणावं? "बरे लागतायत," म्हणालो. बादलीवर झाकण होतं.

त्यानं झाकणाकडं बघितलं. "पंपघराच्या मागंच ना?"

"तिथंच तर," मी म्हणालो.

घरी गेलो. "आज?" ती म्हणाली. "आज वारा होता." दुसऱ्या दिवशी, "आज?" "आज पाणी उतरलं होतं." मग सोलची माणसं गाड्या घेऊन आली होती, गोंगाट करत होती. मग ऊन नव्हतं. मग फार ऊन होतं. माझी कारणं संपत आली आणि तीही... म्हणजे अंगावरचं मांस म्हणतोय मी. मनगट एवढंसं झालं. रोज सकाळी मला टोपी नीट बांधून द्यायची, कानावरून, गाठ हनुवटीखाली, आणि त्या बोटांना दोरी ओढायला जोर पुरेना. मी बघायचो आणि दगडावर जाऊन बसायचो. जागा बदलायची, तर कुठं? पाणी उघडं असलं म्हणजे मासा असतोच असं नाही हो.

मग एका सकाळी तिनं पेजेचा वाडगा बाजूला सारला. नुसता सारला. त्या सकाळी टोपीही मीच बांधली.

आणि मी ठरवलं, गेली लाज चुलीत. आज दुसपच्या मागं जायचं. तो जिथं बसेल तिथं जाऊन पाया पडायचं, पण एक मासा न्यायचा.

या वयात कुणाच्या मागं चोरून जाणं सोपं नसतं. तो थांबला की मी विजेच्या खांबामागं. खांब तेवढा, मी एवढा. तो चालला, चालला, बांधावरून पूर्वेला वळला. म्हटलं, बघा लबाड, चकवतोय. पंपघर आलं. म्हटलं, आता परत फिरेल. तो पंपघराच्या मागं गेला... आणि बाहेरच आला नाही.

मी डोकावलो. आडवी पडलेली पाणकणसं कुणीतरी कोयत्यानं साफ करून पाण्याला बरोबर एक खिडकी पाडलेली. काठावर फळी, फळीवर पेंढा, वाऱ्याच्या बाजूला भाताच्या पोत्यांचा आडोसा. आणि दुसप फळीच्या शेजारी चिखलात उकिडवा बसून भाजलेला कोंडा चिमटीचिमटीनं पाण्यात टाकतोय. हातात काठी नाही.

"तुझी काठी कुठाय?" मी म्हणालो.

तो दचकलासुद्धा नाही. "माझी जागा आहे का ही, काठी आणायला? तुझी आहे. राखत बसलोय. परवा एक सोलवाला बसत होता, त्याला म्हटलं इथं साप आहेत."

"थंडीत?"

"सोलचा होता. गेला."

मी उभाच. तो म्हणाला, "तू होतास कुठं इतके दिवस? बरे लागतायत म्हणत होतास."

"पश्चिमेला," मी म्हणालो.

"झडपांपाशी? अरे, तिथं तर बेडूकही राहत नाही."

"तू पूर्व म्हणालास म्हणून गेलो."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला, कोंड्याचाच. मी म्हणालो, "खरं बोलत होतास, तर मला सांगायचं नाही का, की मी खरं बोलतोय?"

"ते तर मी दर वेळी सांगतो रे," तो म्हणाला.

मी बादली खाली ठेवली.

मग तो पाण्याकडं बघत म्हणाला, "आमची ही अंथरुणाला होती, तेव्हा मालसून रोज दारात पाल्याचं सूप ठेवून जायची. आत यायची नाही. भांडं ठेवायची आणि जायची. अशा माणसासाठी खोटं बोलायला जीभ वळली नाही. एकदाच वळली नाही बघ, आणि तू हे असं केलंस... बस आता. पाय आपटू नकोस."

मी फळीवर बसलो. वारा नव्हता तिथं. जरा वेळानं डावीकडचं एक पाणकणीस हललं. एकटंच. बाकीची सगळी उभी, आणि ते एकटं, खालून कुणी खांदा घासल्यासारखं. दुसपनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी गांडूळ तिथंच, अगदी बुडाशी सोडलं. बुंगओ आमिष खालून उचलतो, तशी काडी हळूहळू वर आली, वर आली, झोपेतून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, आणि आडवी होणार तेवढ्यात...

एकच लागला. पण असा, की बादलीत वाकून बसला.

स्वयंपाक आम्ही दोघांनी केला, म्हणजे भांडणच केलं. मिरचीचं वाटण तो घाल म्हणे, मी बास म्हणे. तळाशी पाला, वर मासा, मंद आचेवर. मालसूनला उशीला टेकवून बसवलं. झाकण काढलं. तिनं चमच्यानं मासा अलगद बाजूला केला, खालचा पाला घेतला, भातावर ठेवला आणि खाल्ला. परत घेतला. परत खाल्ला. आम्ही दोघं श्वास रोखून. अर्धा वाडगा भात गेला हो पोटात.

मी म्हणालो, "अगं, मासा घे ना. तुझ्यासाठीच आणलाय."

"मला कुठं आवडतो तो? काटे किती. मी नेहमी पालाच खाते."

"मी समजायचो, तू माझ्यासाठी मासा ठेवतेस."

"समजा की. मी कुठं नाही म्हटलं?"

"मग आणा म्हणालीस ते?"

ती म्हणाली, "दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसायचात. माझ्याआधी तुम्हीच सुकून चाललेलात. म्हटलं जाऊ दे जरा बाहेर, वारा लागेल, दुसपभावजींशी बोलणं होईल." मग पाल्याचा आणखी एक घास घेतला. "वारा जरा जास्तच लागला म्हणा."

दुसप इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि माझा मासा त्यानंच संपवला.

म्हणजे बघा, ती खोटं बोलली, मी खोटं बोललो, आणि खरं बोलला एकटा दुसप, तर त्याच्यावरच माझा विश्वास बसला नाही. आता मी रोज जातो. सकाळी टोपी तीच बांधते, आणि हल्ली गाठ सुटत नाही, एवढी घट्ट.

जागा तर मी तुम्हाला सांगितलीच आहे. पूर्वेला, पंपघराच्या मागं. अगदी खरं सांगितलंय. आता तुम्ही गळ टाकणारी माणसं, तुमचा विश्वास बसत नसेल, तर मी तरी काय करणार... पश्चिमेला दगड आहे. बसायला चांगला आहे. मी बराच गरम करून ठेवलाय.