घरतबाईंची निळी पाटी आणि तिची घंटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्रभाकरराव साठे, आपल्या मुख्याध्यापिका चारुता मॅडम, व्यासपीठावरील संस्थेचे सर्व पदाधिकारी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या श्रीमती चंद्रावती घरत, पहिल्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून बसलेल्या त्यांच्या मातोश्री, शिक्षकवृंद, शिपाई मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या पनवेलकर बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच दोन दुरुस्त्या करतो. दुरुस्ती हा माझा धंदाच आहे, तेव्हा क्षमा असावी. मघाशी सूत्रसंचालकांनी मला 'कॉम्प्युटर इंजिनिअर' म्हटलं. मी इंजिनिअर नाही. मी धनेश भोईर, लाईन आळीत माझं दुकान आहे, आणि या शाळेचे सगळे कॉम्प्युटर मी सांभाळतो. कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता शिकलो. पहिला कॉम्प्युटर उघडून पुन्हा जोडला तेव्हा काही स्क्रू उरले होते. हल्ली उरत नाहीत. दुसरी दुरुस्ती अशी, की एका वक्त्यांनी घरतबाईंना 'आमच्या टायपिस्ट' म्हटलं. बाईंचं पद वरिष्ठ लिपिक. टायपिंग हा त्यांचा हात आहे, पद नव्हे.

आणि आज मला बोलायचं आहे ते त्या हाताविषयीच.

या शाळेतून दाखला घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येकाने ऑफिसच्या कोपऱ्यातला तो जुना कॉम्प्युटर पाहिलेला आहे. निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं. त्यातल्या मराठी लिहायच्या प्रोग्रॅमला काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण ऑफिसात सगळे म्हणायचे 'निळी पाटी'. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. बाकीची टेबलं नवी झाली, खुर्च्या फिरत्या झाल्या, पण बाईंनी निळी पाटी सोडली नाही. मी दर वर्षी म्हणायचो, "बाई, बदलूया." त्या म्हणायच्या, "तुझं दुकान चालावं म्हणून मी बदलू?"

मग निवृत्ती जवळ आली. आणि समीक्षाने, म्हणजे बाईंच्या मुलीने, आईसाठी विचुंब्याच्या घरी नवाकोरा कॉम्प्युटर घेतला. पडदा इतका पातळ, की बाई त्याला टेकून काही ठेवायला घाबरतात.

आठ दिवसांनी बाईंचा फोन. "धनेश, हा कंप्युटर माझ्या तोंडातला घास काढतो रे."

"म्हणजे?"

"मी दोन अक्षरं लिहिली की तिसरं हाच पुढे करतो. खिडकी काय उघडतो, लाल रेघ काय मारतो! लग्नाच्या पंगतीत मागे उभी राहणारी माणसंसुद्धा एवढी घाई करत नाहीत. मला माझी निळी पाटी हवी."

मी म्हटलं, "बाई, आता निवृत्त होताय. आता कसले दाखले लिहायचेत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा ऑफिसातला आवाज कुठेतरी गेला होता.

सभागृहात बाहेरगावची मंडळी आहेत, म्हणून सांगतो. आमच्या पनवेल-उरणच्या आगरी घरांत लग्न लागतं ते धवलारणीने गायलेल्या धवल्याने, म्हणजे विधीच्या गाण्याने. हळद असो, मांडव असो, प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो मुखोद्गत. बाईंच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सगळे आये म्हणतो, या चिरनेरच्या नावाजलेल्या धवलारीण. त्यांनी किती मांडव गाजवले ते त्यांनाच विचारा, मी आकडा चुकवणार नाही. पण आता गुडघे साथ देत नाहीत, मांडवात उभं राहवत नाही. आणि येत्या माघात समीक्षाचं लग्न आहे. नातीच्या लग्नात धवला कोण सांगणार? बाईंना येत नाही. का येत नाही? कारण आये जेव्हा जेव्हा म्हणाल्या, "चंद्रे, बस, शीक," तेव्हा तेव्हा बाई म्हणाल्या, "आये, मला ऑफिस आहे." तुमचे-आमचे दाखले वेळेवर मिळाले, त्याची ही किंमत.

तर बाईंना ते धवले लिहून घ्यायचे होते. लग्नाआधी. आये आहेत तोवर.

आता तुम्ही म्हणाल, आणि मीही म्हटलं, की मोबाईलवर रेकॉर्ड करा. समीक्षाने केलं. आयेंना ऐकवलं. आयेंनी नीट ऐकलं आणि विचारलं, "ही कोन म्हातारी?"

"आये, तूच हायस."

"मी? नाय बा. हिला सांग, गला साफ करून ये."

झालं! त्या म्हातारीच्या एकाही ओळीची जबाबदारी आये घ्यायला तयार नाहीत. लेकीने लिहून घ्यावं, वाचून दाखवावं, मग त्या हो की नाही ते सांगतील. त्यातही दोन अटी. धवलारीण ओळ सांगते, ती दुसरीने झेलायची, म्हणजे मागून म्हणायची. झेलल्याशिवाय पुढची ओळ नाही. आणि एकदा सुरू केलेला धवला मधे तोडायचा नाही. तुटला तर त्या दिवशी पुन्हा नाही.

बघा काय पेच आहे. बाईंचं तोंड झेलण्यात गुंतलेलं, डोळे आयेंकडे, कारण त्या ओठ बघून झेलतात. मोकळे राहिले फक्त हात. आणि त्या हातांना जगात एकच जागा ठाऊक, निळी पाटी! मोजून तीन महिने उरले होते, बंधुभगिनींनो, आणि मी 'बघतो' असं म्हणणारा माणूस नाही. मी म्हटलं, "करतो."

मूळ प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर चालेना. तो चालायला यंत्राच्या पाठीमागे कंपनीने दिलेलं एक छोटं कुलूप, म्हणजे प्रोग्रॅम चोरून वापरू नये म्हणून बनवलेली डबी, खुपसावं लागतं, आणि नव्या कॉम्प्युटरला ते खुपसायला भोकच नाही. एकाने सल्ला दिला, कुलूप तोड. मी कुलपं तोडत नाही. मी फुकट मिळणारा एक साधा, नव्या पद्धतीचा एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्रॅम, घेतला आणि त्याच्या अंगावरचं एकेक काढत गेलो. सूचना काढल्या, लाल रेघा काढल्या, चित्रं काढली. पडद्याचा निळा रंग ऑफिसच्या पडद्याशेजारी धरून जुळवला, कारण निळ्यातही निळे असतात. कळा जुन्या मराठी टाइपरायटरप्रमाणे लावल्या. जतन करायची कळ तीच, पान बदलायची कळ तीच. आणि यात लिहिलेलं कुणाच्याही मोबाईलवर वाचता येतं, हे जुन्या पाटीला कधी जमलं नव्हतं. थोडा अभिमान वाटला. थोडा म्हणजे, भरपूर.

रविवारी विचुंब्याला बैठक बसली. आये खिडकीपाशी, बाई कॉम्प्युटरपुढे, समीक्षा खाली चटईवर, मी उभा. हळदीचा धवला सुरू झाला. हळद शेतातून निघते, वाटेत कुणाकुणाला भेटत नवरीपर्यंत येते, अशी ती मोठी कथा आहे. बाई झेलताहेत, बोटं चालताहेत. पाच-सहा ओळी गेल्या, आणि बोटं थांबली. मग तोंडही थांबलं.

आयेंनी डोळे उघडले. "कोन मेला काय मधीच?"

बाईंनी कळांवरून हात उचलले.

"तोडलास ना धवला! आता आज नाय."

पडदा बरोबर. रंग बरोबर. कळा बरोबर. मी विचारलं, "बाई, काय राहिलं?"

त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "कळत नाही रे. हात कशाची तरी वाट बघतात. कशाची, ते मला सांगत नाहीत."

पुढचा आठवडा मी रोज ऑफिसात येऊन बाईंच्या पाठीमागे उभा राहिलो. चारुता मॅडमना वाटलं मी बिलासाठी आलोय. बाई लिहीत होत्या आणि मी बघत होतो. बघत होतो, तिथेच चुकत होतो. चौथ्या दिवशी वीज गेली, पंखे बंद झाले, बॅटरीवर निळी पाटी तेवढी चालू. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. टिंग!

टाइपरायटरला ओळ संपत आली की घंटा वाजायची. निळी पाटी बनवणाऱ्या त्या अनाम माणसाने टायपिस्ट लोकांसाठी ती घंटा आत ठेवली होती. घंटा वाजली की बाईंचा हात शब्द पुरा करतो आणि स्वतः ओळ बदलतो. इतक्या वर्षांत ऑफिसातल्या कुणालाच ती ऐकू येईनाशी झाली होती, बाईंना सुद्धा. आणि माझ्या एडिटरमध्ये ओळ आपोआप, गुपचूप बदलत होती! घंटा मी वगळली होती. का? माझ्या दुकानात माणसं येतात ती 'आवाज येतो, बंद करा' म्हणत. माझ्या लेखी आवाज करणारं यंत्र म्हणजे आजारी यंत्र. मी बाईंच्या पाटीचा आजार बरा केला होता, आणि त्याबरोबर पाटीही गेली होती.

मग कुठली तरी भलतीच घंटा नाही घेतली. मधल्या सुट्टीनंतर, सगळे वर्ग बसल्यावर, मोबाईल धरून त्याच यंत्राची घंटा उतरवली. आणि ती ओळीच्या शेवटी नव्हे, शेवटाच्या थोडी आधी वाजते, हेही जुळवलं, आणि ओळ आपोआप बदलणं बंद केलं.

पुढचा रविवार. तीच खिडकी, तीच चटई. आयेंनी ओळ सांगितली, बाईंनी झेलली, आणि आतून टिंग! आये थबकल्या.

"ही कोन झेलते?"

बाई म्हणाल्या, "कोनी नाय आये. कंप्युटर हाय."

आयेंनी क्षणभर विचार केला. "असूं दे. तालात हाय." आणि पुढची ओळ सुरू केली.

हळदीचा धवला त्या दिवशी अखेरपर्यंत गेला. बाईंनी पडद्यावरून तो वाचून दाखवला. आयेंनी दोन जागी बदल सांगितला, आणि जिथे नवरीचं नाव घ्यायचं तिथे 'समीक्षा' असं स्वतः म्हणून पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि लेकीला म्हणाल्या, "आता तू सांग. मी झेलीन."

अध्यक्ष महाराज, आज शाल मिळेल, श्रीफळ मिळेल, ते मिळायलाच हवं. पण बाईंचा खरा सत्कार त्या खिडकीपाशी होऊन गेला आहे, आणि मी तिथे हजर होतो.

हळदीचा धवला उतरला, मांडवाचाही उतरला. दोन धवले अजून उतरवायचे आहेत. उद्यापासून बाईंना ऑफिस नाही, त्यामुळे माघाच्या आत होतील, याची हमी मी देतो. लग्नाला विचुंब्याला सगळ्यांनी यावं. धवला सांगायला चंद्रावती घरत उभ्या असतील, आणि झेलायला आये, खुर्चीवर मांडी घालून.

मला बोलायची संधी दिलीत, माझं म्हणणं शांतपणे झेललंत, त्याबद्दल संस्थेचा आणि आपणा सर्वांचा ऋणी आहे. कुणाचा मान-क्रम चुकला असेल, ओळ लांबली असेल, तर पोटात घाला. काय करणार, माझ्या बोलण्याला अजून घंटा बसवलेली नाही.

धन्यवाद.